चकतीवरचं कडं

करवतीने दांड्याची चकती कापायची, एमरी पेपरवर घासायची आणि गरम कॉस्टिक सोड्यात सोडायची. लगेच फसफस सुरू होते. काही मिनिटांनी बाहेर येते ती काळीकुट्ट चकती. नळाखाली धुऊन नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवली की काजळी झटकन उतरते आणि धातूच्या पोटातलं सगळं उघडं पडतं. ६०८२ जातीच्या ॲल्युमिनियमचा दांडा चांगला निघाला असेल, तर चकती कडेपर्यंत एकसारखी करडी दिसते. बिघडला असेल, तर कडेने खडीसाखरेसारखे चकाकणारे मोठाले दाणे. त्यासाठी मायक्रोस्कोप लागत नाही, नुसत्या डोळ्यांना मोजता येतात.

मोठ्या दाण्यांचं हे कडं पडतं ते पुनर्स्फटिकीकरणामुळे. प्रेसमध्ये तापलेलं बिलेट, म्हणजे ओतलेला ओंडका, डायमधून दाबलं जातं, तेव्हा मधला धातू सरळ निघून जातो. बाहेरचा थर मात्र कंटेनरला आणि डायला घासत, रगडला जात येतो. तो ताण त्याच्यात साठून राहतो. पुढे दांडा ५३० अंशांच्या भट्टीत गेला की त्या साठलेल्या ताणाच्या जोरावर नवे दाणे जन्मतात आणि शेजारच्यांना गिळत सुटतात. अशा दांड्याचा फोर्जिंगचा भाग केला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, आणि थकव्यापुढे टिकण्याची ताकद घटते ती वेगळीच.

उपाय म्हणून मिश्रधातूत मँगनीज आणि क्रोमियम घालतात. ६०८२ मध्ये मँगनीज ०.४ ते १ टक्का, क्रोमियम फार तर ०.२५. त्यांची संयुगं नॅनोमीटरमध्ये मोजायच्या कणांच्या रूपात धातूभर विखुरतात आणि सरकणाऱ्या दाण्याची सीमा त्यांच्यात अडकते. क्लॅरेन्स झेनरचा हा हिशेब सिरिल स्मिथ यांनी १९४८ मध्ये छापला. कण जितके बारीक आणि जितके जास्त, तितकी अडवणूक मोठी.

इथेच आमची फसगत झाली. एका खेपेच्या प्रत्येक चकतीवर जाड कडं, आणि रसायनाचा दाखला मात्र निर्दोष. मँगनीज भरपूर, क्रोमियमही होतं. दोन दिवस आम्ही डायला आणि प्रेसच्या वेगाला दोष देत बसलो. शेवटी बिलेट ओतणाऱ्यांकडून होमोजनायझिंग भट्टीचा, म्हणजे ओतलेलं बिलेट एकजीव करायला तापवतात त्या भट्टीचा, आलेख मागवला. प्रेसवर बिलेट जोरात पळावं म्हणून त्यांनी ते नेहमीपेक्षा बरंच जास्त तापवलं होतं, आणि जास्त वेळही ठेवलं होतं. मँगनीजचे कण बिलेट तापत जाताना, ४०० अंशांच्या आगेमागे जन्मतात. पुढे उष्णता वाढली आणि लांबली की बारके विरघळतात, मोठे आणखी फुगतात. मँगनीज तेवढंच, पण पहारेकरी विरळ. माझ्या मते निम्मा खेळ ओतशाळेतल्या या भट्टीचा असतो, आणि दाखल्यावर तिची एक ओळही नसते.

विमानांच्या ७००० मालिकेत तर कोणता धातू घातला यावरच बरंच ठरतं. ७०७५ मध्ये क्रोमियम असतं. जाड प्लेट पाण्यात थंड होताना तिचा गाभा सावकाश निवतो, तेव्हा जस्त आणि मॅग्नेशियम क्रोमियमच्या कणांवर गोळा होऊन फुकट जातं आणि बळ घटतं. म्हणून ७०५० मध्ये क्रोमियमऐवजी ०.०८ ते ०.१५ टक्के झिर्कोनियम आलं. त्याचे कण ॲल्युमिनियमच्या जाळीत बेमालूम बसतात. पण झिर्कोनियमही साधं नाही. दाणे बारीक व्हावेत म्हणून ओतताना टायटॅनियम-बोरॉन टाकतात, त्याचाच गुण ते मारतं.

सगळ्यात सरस स्कँडियम. अमेरिकेत त्याचं पेटंट १९७१ चं, सोव्हिएत धातुतज्ज्ञांनी त्यावर बरंच काम केलं. सोबत झिर्कोनियम घातलं तर ते सावकाश सरकून स्कँडियमच्या कणाभोवती कवच धरतं आणि कण फुगत नाही. पण किंमत ऐकली की आमच्यासारखे मुकाट मँगनीजकडे परततात.

तेव्हा बिलेट विकत घेत असाल तर दाखल्याबरोबर भट्टीचा आलेखही मागा. आणि चकती दांड्याच्या शेपटीकडून कापा. साध्या प्रेसवर कडं तिकडेच सगळ्यात जाड असतं.