गव्हातला नर गप्प कसा बसतो?

संकरित ज्वारी-बाजरी सहज मिळते, मग संकरित गहू का नाही, असं मला बरेच जण विचारतात. गव्हाच्या एकाच फुलात ३ परागकोश आणि स्त्रीकेसर शेजारी शेजारी असतात, त्यामुळे परागीभवन बहुतेक घरच्या घरीच उरकतं. लाखो फुलांचे परागकोश चिमट्यानं काढणार कोण? म्हणून ओंबी खोडाच्या पोटात असतानाच रसायन फवारतात. युरोपात सिंटोफेन वापरतात. चीनमध्ये एसक्यू-१ वर बराच अभ्यास झालाय.

आता गंमत पाहा. हे रसायन जनुकांचा मजकूर बदलत नाही, त्यांच्या कामाची वेळ आणि प्रमाण बिघडवतं. परागकोशातला टॅपेटम हा थर परागकणांना पोसतो आणि काम संपलं की विरून जातो. रसायनामुळे हे वेळापत्रक चुकतं, परागकण उपाशी राहतात आणि वांझ ठरतात.

मजकूर तोच असल्यानं हे वंध्यत्व पुढच्या पिढीत उतरत नाही. शेतकऱ्याच्या रानात संकरित पीक नीट दाणे भरतं. पण मात्रा जास्त झाली तर स्त्रीकेसरही दुखावतो आणि बीच धरत नाही. नेमकी कुठली जनुकं बिघडतात हे कळलं, तरच फक्त नराला गप्प करणारं औषध शोधता येईल.