पंच उभा कुठे राहतो

धान घरात आलं, रिकाम्या बांध्यांत गुरं फिरू लागली, की झाडीपट्टीत कबड्डीचा हंगाम सुरू होतो. नवेगाव बांधकडे लोक जातात ते कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला तलाव पाहायला, हिवाळी पक्षी पाहायला. मी गेलो ते पंचांचे पाय पाहायला. बेसबॉलच्या मैदानी पंचांना उभं राहणं कसं शिकवतात, याबद्दल वाचत होतो. आपल्याकडेही कुणीतरी हे करतच असणार, असं राहून राहून वाटत होतं.

बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट. सामन्याला दोनच पंच असले तर एक कॅचरच्या मागे उभा राहतो आणि दुसरा एकटा उरलेले तिन्ही बेस सांभाळतो. बेसवर धावपटू नसेल तेव्हा तो पहिल्या बेसच्या मागे, रेषेबाहेर असतो. धावपटू बेसवर आला की मैदानाच्या आत येतो. चेंडू पहिल्या बेसकडे फेकला गेला की नवशिका पंच बेसच्या दिशेने धावत सुटतो. मुरलेला पंच चेंडूच्या वाटेशी काटकोन साधेल अशी जागा पकडतो, पंधरा-अठरा फुटांवर, आणि तिथे थांबतो. नजर बेसवर पडणाऱ्या पावलावर, कान चेंडू हातमोज्यात आदळल्याच्या आवाजाकडे. फार जवळ गेलं तर पाऊल आणि चेंडू दोन्ही एकदम टिपता येत नाहीत. त्यामुळे त्यांच्या शिकवणीत अंतरापेक्षा कोनाला मान जास्त.

कबड्डीचा इतिहास वाचकांना बराचसा ठाऊक असतो. हुतूतूला महाराष्ट्रात नियमांची चौकट मिळाली, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळ दाखवले, १९५०मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, बुवा साळवींनी खेळासाठी हयात घालवली, १९९०मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. या सगळ्यात पंच कुठे दिसत नाही.

मला दिसला तो नवेगाव बांधजवळच्या एका गावात. शाळेत खेळ शिकवणारे गुरुजी, वय पन्नाशीच्या पुढचं, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. सामना मातीवरचा, रेषा फक्कीच्या. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे एका अंगणाची खोली साडेसहा मीटर. चढाईपटू मध्यरेषेवर आला की गुरुजी राखीव क्षेत्राच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याच्या बाहेर, मध्यरेषेच्या टोकाशी असतात. त्याने पहिलं पाऊल आत टाकलं की तेही सरकतात, खेळाकडे तोंड ठेवून, आडव्या पावलांनी. एक पाय दुसऱ्यावरून कधीच जात नाही. पाय अडखळला तर नजर खाली जाते आणि नेमकी तेव्हाच कुणाची तरी बोटं कुणाला तरी लागून गेलेली असतात.

निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, बोनस रेषा तिच्या पलीकडे एक मीटर. अंगणात सहा किंवा अधिक बचावपटू असतील, तर एक पाऊल बोनस रेषेपलीकडे टेकवायचं आणि त्या क्षणी दुसरं हवेत ठेवायचं, मग गुण. हे मागून दिसत नाही, पुढूनही नाही. बोनस रेषेच्या अगदी सरळीत उभं राहिलं तरच पुढच्या पावलाखालची फक्की आणि मागच्या टाचेखालची फट एकत्र दिसते. म्हणून गुरुजी पावणेपाच मीटर सरकून त्या रेषेशी येतात, गुडघे किंचित वाकवतात आणि खिळतात. दोन-तीन सेकंद. मग परत मध्यरेषेकडे, कारण पकड झाली तर निकाल तिथे लागणार. चार जणांच्या ढिगाऱ्यातून बाहेर आलेला हात रेषेला लागला की नाही, हे रेषेच्या टोकाशी बसकण मारल्याशिवाय सांगता येत नाही. चढाईपटू वळायच्या आधी यांचा खांदा वळलेला असतो. एका चढाईला ३० सेकंद, सामन्यात २० मिनिटांचे दोन डाव. माणूस किती मीटर आडवा चालत असेल!

कानही कामाला लागलेले. चढाईपटूचा दम तुटला का, हे ऐकायचं. बेसबॉलचा पंच हातमोज्याचा आवाज ऐकतो तसंच हे, फक्त इथे आवाज सलग चालू असतो आणि त्यातली खंड पडलेली जागा शोधायची असते. मी विचारलं, “गुरुजी, डोळे कुठे ठेवता?” ते म्हणाले, “डोळ्याचं नंतर पाहू जी. पाय जागेवर पोहोचले का डोळ्याले आपोआप दिसते.”

पण जागा बरोबर असूनही निकाल चुकतो, आणि इथूनच माझी काळजी सुरू होते. बेसबॉलमध्ये २ जून २०१०ला डेट्रॉइटचा चेंडूफेकी आर्मांडो गालारागा याने सलग २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसाव्याच्या वेळी पहिल्या बेसवर जिम जॉइस हे अतिशय नावाजलेले पंच होते. धावपटू स्पष्ट बाद असताना त्यांनी त्याला नाबाद दिलं आणि एकही फलंदाज बेसवर न पोहोचलेला असा परिपूर्ण सामना हातचा गेला. चित्रफीत पाहिल्यावर त्यांनी चूक डोळ्यांत पाणी आणून कबूल केली. २०१४पासून अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये असे निकाल चित्रफितीवर तपासता येऊ लागले. त्याच वर्षी आपल्याकडे प्रो कबड्डी सुरू झाली. तिथेही संघाला फेरतपासणी मागता येते. गावच्या मैदानावर गुरुजींचा निकाल हाच शेवटचा.

राखीव क्षेत्राचा पेच तर कॅमेऱ्यानेही सुटत नाही. झटापट झाल्याशिवाय त्या पट्ट्यात पाय गेला तर खेळाडू बाद. म्हणजे आधी स्पर्श की आधी पाय, हा क्रम पंचाने पाहायचा. ७ ऑक्टोबर २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारताचा चढाईपटू पवन सेहरावत स्पर्श न करता पट्ट्यात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागे गेले. गुण २८-२८. कोणता नियम लावायचा यावर निकाल फिरत राहिले, सामना जवळजवळ तासभर थांबला, आणि शेवटी भारत ३३-२९ने जिंकला. तिथे पडदा होता, अधिकारी होते. झाडीतल्या एखाद्या गावात तोच प्रसंग आला तर दोन गावांच्या मधोमध शिट्टी धरलेला एक माणूस असतो.

त्याच्या वाट्याच्या अडचणी मी तिथे पाहिल्या. दुसऱ्या डावापर्यंत फक्की पुसून जाते. हॅलोजन एकाच बाजूला लावलेले, त्यामुळे त्या बाजूच्या पंचाची सावली बोनस रेषेवर पडते. भोंग्यावरच्या समालोचनात दम ऐकू येत नाही, गुरुजी ओठ पाहतात. आणि गर्दी. सामना रंगला की पोरं इंच इंच पुढे सरकतात, राखीव क्षेत्राच्या कडेला मांडी घालून बसतात. पंचाला सरकायला वाट उरत नाही. त्या रात्री एका चढाईत गुरुजी दोन पोरांच्या मागे अडले, बोनस रेषेपर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांनी गुण दिला नाही. न दिसलेलं देत नाही, असं कर्णधाराला शांतपणे सांगितलं. त्यावर पंधरा मिनिटं हुज्जत चालली.

पाहुण्यांच्या स्वागतावर, बक्षिसांच्या फलकावर मंडळं हात सैल सोडतात. गुरुजींचं मागणं फार थोडं आहे: चारी बाजूंनी रेषेपासून दोन मीटरवर बांबू रोवून एक दोर, दुसऱ्या बाजूला दोन हॅलोजन, मध्यंतरात फक्कीची एक पाटी आणि चढाई चालू असताना भोंगा बंद. पुढच्या स्पर्धेच्या मंडळाकडे त्यांनी हे लिहून दिलं आहे. दोराला मंडळ तयार आहे. भोंग्याचं अजून ठरलेलं नाही.