अन्य गोलांवर जीवसृष्टी आहे काय?

गेल्या महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर मंडळी चर्चच्या आवारात नेहमीप्रमाणे रेंगाळत उभी होती. दृढीकरणाच्या वर्गातील एक मुलगा आमच्यापाशी येऊन म्हणाला, "मास्तर, दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळ आपल्यासारखी माणसे असली, तर येशू त्यांच्यासाठीही मेला काय?" आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या वडिलांनी "असले भलते प्रश्न विचारू नयेत" असे म्हणून त्यास हाताला धरून नेले. वडील सज्जन आहेत. मुलाच्या श्रद्धेस धक्का पोहोचू नये, एवढाच त्यांचा हेतू. परंतु मुलगा मागे वळून पाहत गेला, आणि त्याची ती नजर आमच्या मनातून जाईना. प्रश्न गप्प केल्याने श्रद्धा राखली जाते, असे आम्हास वाटत नाही. म्हणून त्या मुलासाठी, आणि त्याच्या वडिलांसाठीही, हा लेख.

प्रथम एवढे सांगू की प्रश्न भलता नाही आणि नवाही नाही. इ. स. १२७७ च्या मार्च महिन्यात पॅरिसचे बिशप एत्येन तांपिये यांनी २१९ मतांचा निषेध केला. परमेश्वरास एकाहून अधिक विश्वे निर्माण करता येणार नाहीत, हे त्यांपैकी एक मत होते. दुसरी विश्वे आहेतच, असे बिशपांनी म्हटले नाही. ती निर्माण करणे देवाच्या शक्तीपलीकडचे आहे असे म्हणण्यास मात्र त्यांनी मनाई केली. पुढे १४४० साली निकोलास कुसानुस यांनी अन्य गोलांवरही रहिवासी असावेत असा तर्क आपल्या ग्रंथात मांडला, आणि आठ वर्षांनी ते कार्डिनल झाले. येथे कोणी ब्रूनोचे नाव काढील, आणि ते योग्यच होईल. १६०० साली रोम येथे त्यास जिवंत जाळण्यात आले. त्याच्यावरील आरोपांत मुख्य श्रद्धासत्ये नाकारल्याचे आरोप होते, तसे अनेक विश्वांचे मतही होते. २००० साली ख्रिस्तसभेच्या वतीने या मृत्यूबद्दल खेद प्रकट करण्यात आला. ही गोष्ट झाकण्यात आम्हास काही हशील दिसत नाही.

आता शास्त्राकडे वळू. इतक्या दूरच्या गोलांविषयी माणसास काही कळते तरी कसे? तेथे कोणी गेलेला नाही. तेथून आपल्याकडे येतो तो केवळ प्रकाश.

रोम शहरात संत इग्नाशियस यांचे भव्य देवालय आहे. आतून वर पाहिले असता प्रचंड घुमट दिसतो, पण तो खरा नव्हे. ब्रदर आंद्रेआ पोत्सो यांनी सपाट कॅनव्हासवर रंगविलेले ते चित्र आहे. खरा घुमट कधी बांधलाच गेला नाही. त्याच्यासाठी उभारलेल्या भक्कम खांबांचा उपयोग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फादर आंजेलो सेक्की या येशूसंघीय धर्मगुरूंनी करून घेतला आणि देवालयाच्या माथ्यावर वेधशाळा थाटली. तेथे बसून त्यांनी सुमारे ४००० ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून पाहिला आणि वर्णपटांच्या साम्यावरून त्या ताऱ्यांचे वर्ग पाडले.

लोलकातून काय दिसते, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरात जावे. चुलीच्या जाळात मिठाचा चिमूटभर भुगा टाकला की जाळ क्षणभर पिवळाधमक होतो. (दृष्ट काढणे हे ख्रिस्ती माणसाचे काम नव्हे, परंतु ज्या आज्यांनी ती काढली, त्यांनी हा पिवळा रंग शास्त्रज्ञांच्या आधी पाहिला होता!) हा रंग मिठातील सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापले म्हणजे आपल्या ठराविक रंगांच्या रेषा देते. एकाच्या रेषा दुसऱ्यास नसतात. उलट प्रखर प्रकाशाच्या वाटेत तेच द्रव्य तुलनेने थंड वायूच्या रूपात आले, तर नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा उमटतात. ही किल्ली किर्खोफ आणि बुन्सेन या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९–६० च्या सुमारास हायडेलबर्ग येथे हस्तगत केली. सूर्याच्या वर्णपटात पिवळ्या पट्ट्यात दोन काळ्या रेषा अगदी जवळजवळ असतात. त्या सोडियमच्या. आपल्या मिठाच्या बरणीतील द्रव्य सूर्यावरही आहे, हे येथे बसल्या जागी कळले.

दक्षिणेतील आमच्या वाचकांस गुंटूर हे गाव ठाऊक असेल. १८ ऑगस्ट १८६८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी जान्सेन हे फ्रेंच ज्योतिर्विद तेथे येऊन राहिले होते. त्या ग्रहणात सूर्याच्या ज्वालांमध्ये निरीक्षकांस एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. प्रथम ती सोडियमचीच वाटली, पण त्याच वर्षी इंग्लंडात लॉकियर यांनी मोजून पाहिले, तेव्हा तिची जागा जराशी निराळी भरली. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्यास हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर ते रॅम्से यांस सापडले १८९५ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनंतर. तेही परके ठरले नाही. आजवर ताऱ्यांच्या प्रकाशात जी जी मूलद्रव्ये ओळखली गेली, ती आपल्याच कोष्टकातील आहेत.

आणि आपला देह तरी कशाचा? वजनाने पाहिले तर सुमारे ६५ टक्के प्राणवायू, १८ टक्के कर्ब, १० टक्के हायड्रोजन आणि ३ टक्के नत्र. उरलेल्यात चुना, स्फुरद वगैरे. यांत कर्बाचा गुण विशेष. त्याच्या एका अणूस चार हात आहेत असे समजावे. त्या हातांनी तो स्वतःशी व इतरांशी जोडला जाऊन लांबच लांब साखळ्या होतात. दुसरी आवश्यक वस्तू पाणी. त्यात नाना द्रव्ये विरघळतात आणि एकमेकांस भेटतात. शिवाय त्याचे बर्फ बुडत नाही, तरंगते. म्हणून थंड देशांतील तळी वरून गोठली तरी खाली मासे जिवंत राहतात.

१९५३ साली शिकागो येथे स्टॅन्ले मिलर या तरुण विद्यार्थ्याने काचेच्या बंद पात्रांत पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन घेऊन त्यांत विजेच्या ठिणग्या सतत पाडल्या. आठवड्याभरात पाणी रंगले, आणि त्यात अमायनो आम्ले, म्हणजे ज्यांपासून आपल्या शरीरातील प्रथिने बनतात ती द्रव्ये, तयार झालेली आढळली. प्राचीन पृथ्वीचे वातावरण नेमके असे नव्हते, असे पुष्कळ शास्त्रज्ञ आता मानतात. तरी ही द्रव्ये आपोआप बनू शकतात, हे सिद्ध झाले. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी अशनी पडला, त्यात तर सत्तरांहून अधिक अमायनो आम्ले सापडली. विटा, चुना, वाळू अंतराळातही आहेत, असा याचा अर्थ. परंतु विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. निर्जीव द्रव्यातून पहिली सजीव पेशी कशी उभी राहिली, हे अद्यापि कोणासही करून दाखविता आलेले नाही, आणि जे लोक ते सुटल्यासारखे बोलतात त्यांच्यापासून वाचकांनी जपून राहावे. त्याच वेळी, "हे शास्त्रास कधीच सुटणार नाही, म्हणून देव आहे" असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळींपासूनही जपावे. उद्या ते सुटले तर मग काय?

जीव किती बिकट जागी राहू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर काळ्या पाषाणावर अशनी आदळून झालेल्या विवरात आहे. पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी. २०२० च्या जून महिन्यात ते अकस्मात गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. आपणास जे विष, ते त्यांचे घर! म्हणूनच आज शास्त्रज्ञ केवळ पृथ्वीसारखा ग्रह शोधीत बसत नाहीत. शनीचा एन्सेलेडस नावाचा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, वर बर्फाचे कवच. पण त्याच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडताना कॅसिनी यानाने २००५ साली पाहिले. कवचाखाली समुद्र आहे. त्यात कोणी राहते काय, हे कळलेले नाही.

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवतीचे ग्रह तर सप्टेंबर २०२५ पर्यंत ६००० मोजून झाले. असा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून येतो, आणि फादर सेक्कींच्याच रीतीने तीत कोणते वायू आहेत ते पाहतात. पण येथे घाई नडते. १८५८ साली मंगळावरील एका काळसर भागास सेक्कींनी सहज 'कानाले' म्हटले. १८७७ साली मिलानचे स्कियापारेल्ली यांनी रेषा पाहिल्या व तोच शब्द वापरला. इटालियन भाषेत त्याचा अर्थ नैसर्गिक पाट असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे खणलेले कालवे झाले, आणि कालवे म्हटले की ते खणणारे आलेच! अमेरिकेत लॉवेल यांनी त्यांवर ग्रंथ लिहिले. पुढे याने जाऊन आली. कालवा एकही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्येही १२४ प्रकाशवर्षे दूरच्या एका ग्रहावर सजीवांपासून निघणारा वायू असावा असे जाहीर झाले, आणि इतरांनी तीच निरीक्षणे तपासून शंका घेतल्या.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचे काय? ख्रिस्तसभेने याविषयी कोणताही सिद्धान्त ठरविलेला नाही. २००८ साली व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर फुनेस यांनी एका मुलाखतीत शंभर मेंढरांचा दाखला दिला. तसे जीव असलेच, तर कदाचित ते देवाच्या मैत्रीत राहिलेले असतील आणि हरवलेले मेंढरू आपणच असू, असे ते म्हणाले. देवपुत्राचा देहधारण मात्र एकदाच घडला, तो पुन्हा घडणार नाही, आणि देवाची दया त्या जीवांसही कोठल्या ना कोठल्या मार्गाने लाभेलच, असे त्यांचे मत. हे एका विद्वान धर्मगुरूचे मत आहे, श्रद्धासत्य नव्हे. आम्हास ते पटते. सप्टेंबर २०२५ पासून त्याच वेधशाळेची धुरा येशूसंघाच्या गोवा प्रांतातील फादर रिचर्ड डिसोझा यांजकडे आहे, हेही आमच्या गोमंतकीय वाचकांस कळवितो.

हे सारे आम्ही त्या मुलास पुढल्या आठवड्यात वर्गात सांगितले. त्यानंतरच्या रविवारी त्याच्या आईने आम्हास पायरीवरच गाठले. घरातले मीठ संपले, अशी तिची तक्रार. पोरगा रोज रात्री दिवे मालवून गॅसच्या ज्योतीत मीठ टाकतो. आणि हे काय कमी होते म्हणून, ती म्हणाली, काल त्याचे वडीलही शेजारी उभे राहून "अजून थोडे टाक" म्हणत होते.