बर्गर किंग: पुण्याचे की अमेरिकेचे?

पुण्याच्या कॅम्पमध्ये 1992च्या सुमारास ‘बर्गर किंग’ नावाचे हॉटेल सुरू झाले, तेव्हा त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीचे भारतात एकही दुकान नव्हते. कंपनी 1954ची. भारतात नावाची नोंदणी तिने 1979 सालीच करून ठेवली होती, पण पहिले दुकान उघडले ते थेट 2014 मध्ये, दिल्लीत. त्याआधीच, 2011 साली, तिने पुण्याच्या मालकांवर दावा लावला आणि नाववापराला मनाई व 20 लाखांची भरपाई मागितली. 16 ऑगस्ट 2024 रोजी पुणे जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. पुण्यातले गिऱ्हाईक या नावामुळे फसते, हे कंपनीला सिद्ध करता आले नव्हते. कंपनी अपिलात गेली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत हॉटेलने हे नाव वापरू नये, असे उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये बजावले आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. दुकानावरची एक पाटी, आणि तिच्यासाठी तीन न्यायालये!

माझ्या मते जिल्हा न्यायालयाने धरलेला धागाच खरा आहे. खाण्याच्या धंद्यात नावाला किंमत येते ती गिऱ्हाइकाच्या जिभेवर. कपाटातल्या प्रमाणपत्राने ती येत नाही. जमिनीचा सातबारा हा जसा मालकीचा अखेरचा पुरावा नसतो, तशीच नोंदणीही नसते. 1999च्या ट्रेडमार्क कायद्याचे 34वे कलम आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण देते. तिरुनेलवेलीच्या प्रसिद्ध ‘इरुट्टुकडै हलवा’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली तेच सांगितले: आधीच्या वापरकर्त्याचा हक्क नोंदणीहून वरचढ. मात्र पुण्याच्या हॉटेलाला या कलमाचा सरळ आधार मिळत नाही, कारण त्याचा वापर नोंदणीच्याही आधीचा असावा लागतो, आणि इथे नोंदणी 1979ची आहे. हे मान्य करायलाच हवे. पण याच कायद्यात असेही आहे की सलग पाच वर्षे न वापरलेले नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करता येते. म्हणजे नाव अडवून ठेवणे कायद्यालाही पसंत नाही.

यावर कुणी म्हणेल, जगप्रसिद्ध नाव सगळ्यांनाच माहीत असते; ते उचलणे ही नक्कलच. आक्षेप वजनदार आहे. पण ‘प्रियस’ गाडीच्या नावावरून टोयोटाने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली स्पष्ट केले की परदेशातली कीर्ती पुरेशी नाही. इथल्या व्यावसायिकाने नाव वापरायला सुरुवात केली त्या काळी ती भारतातल्या ग्राहकांपर्यंत पोहोचली होती, हे दाखवावे लागते. मग उद्या कुणीही परकी नावे लावत सुटेल का? नाही. आज कंपनीची दुकाने शहरोशहरी असताना तिच्या नावाने, तिच्याच रंगात पाटी लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तो गिऱ्हाइकाला फसवायलाच निघालेला असतो. कंपनीचे पहिले दुकान यायच्या वीसेक वर्षे आधी स्वतःच्या कष्टाने धंदा उभा करणाऱ्याला त्याच्या रांगेत बसवणे मात्र अन्यायाचे ठरेल.

पुण्याच्या मालकांनीही उलट नुकसानभरपाई मागितली होती. ती पुराव्याअभावी मिळाली नाही. नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडवर पोळीभाजी केंद्र किंवा चायनीजची गाडी चालवणाऱ्याने यातली ही बाब आधी ध्यानात घ्यावी. न्यायालयात तोंडी सांगणे तोकडे पडते. पहिली बिले, परवाना, छापलेले मेन्यूकार्ड, जुनी जाहिरात, सारे तारखेनिशी जपून ठेवावे. व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन नोंदणीची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षे चालते. हॉटेलसेवा 43व्या वर्गात येते, मसाले आणि मिठाई 30व्या. पाटी रंगवायला देण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपले नाव शोधून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत.