द्रावकांची वाफ : समज आणि वस्तुस्थिती

रंग, पॉलिश, छपाईची शाई, औषधं, कीटकनाशकं तयार करताना टोल्युइन, झायलिन, अ‍ॅसिटोनसारखी द्रावकं लागतात. त्यांच्या वाफेबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : धुराडं नाही, म्हणजे प्रदूषण नाही.
वस्तुस्थिती : ही वाफ दिसत नाही. उघडं पिंप, गळका व्हॉल्व्ह, थिनरने भिजलेला बोळा एवढंही तिला पुरतं. उन्हात तिची नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो फुप्फुसांना बाधतो, पिकांनाही. अशाच वाफांपैकी बेंझिन तर कर्करोगकारक आहे.

गैरसमज : आपल्याकडे नियमच नाहीत.
वस्तुस्थिती : 1981 चा हवा कायदा आणि 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा देशभर लागू आहेत. 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेत बेंझिनची वार्षिक सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये.

गैरसमज : दिल्लीत नियम झाला की राज्यात तो पाळला जातोच.
वस्तुस्थिती : कारखान्याला संमतीपत्र देणं, नमुने घेणं, नोटीस बजावणं हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. इथे ढिलाई झाली की नियम फायलीत पडून राहतो. हवा, पाणी, जमीन मिळून काढलेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात 93.69 गुणांसह तारापूर हे देशातलं सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. नियम तारापूरलाही तेच होते.

गैरसमज : राज्याला जाब विचारणारं कुणी नाही.
वस्तुस्थिती : राज्य मंडळाने केंद्रीय मंडळाचे आदेश धुडकावले आणि त्यातून गंभीर संकट ओढवलं, तर हवा कायद्याच्या कलम 18 नुसार त्याचं काम केंद्रीय मंडळाकडे सोपवता येतं. अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांवर तीन महिन्यांत कारवाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 10 जुलै 2019 रोजी बजावलं. बाहेरही अशी सोय आहे : युरोपीय संघाने 1999 मध्ये द्रावकांसाठी सामायिक नियम केले, ते देशोदेशीच्या कायद्यांत आणायला 1 एप्रिल 2001 ची मुदत दिली. असं बंधन चुकवणाऱ्या देशाला तिथला आयोग न्यायालयात खेचू शकतो.

गैरसमज : नंदुरबारला याचं काय?
वस्तुस्थिती : नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मंडळं दोन, वारा एकच. एका बाजूची ढिलाई दुसऱ्या बाजूच्या नाकाला जाणवणारच. वास आला तर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून मंडळाकडे लेखी तक्रार करा. कारखान्याच्या संमतीपत्रातल्या अटी माहितीच्या अधिकारात मागवा. तरीही हालचाल झाली नाही, तर लवादाचं खंडपीठ पुण्यातच आहे.