साधनांचें वर्णन कसें लिहावें?

कृत्रिम बुद्धिमत्ता प्रश्नांचीं उत्तरें देते, हें आतां घरोघरीं माहीत झालें आहे. परंतु अलीकडे ती केवळ बोलून थांबत नाहीं. ती आपल्या वतीनें पत्र पाठविते, तिकीट काढते, हिशेब तपासते. अशा रीतीनें काम करणाऱ्या यंत्रास ‘एजंट’ म्हणतात. त्याच्या हातीं जीं साधनें आपण देतों, त्यांचें वर्णन कसें असावें, हा आजच्या भाषणाचा विषय. तो तंत्रज्ञांचा वाटला, तरी वस्तुतः नेमकें लिहिण्याचा विषय आहे.

साधन म्हणजे एकच ठराविक काम करणारा लहानसा प्रोग्राम. एक गाडी शोधतो, दुसरा तिकीट काढतो, तिसरा तें रद्द करतो. एजंटास त्याचें अंतरंग सहसा दिसत नाहीं. त्याच्यापुढें तीनच गोष्टी येतात: साधनाचें नांव, चार ओळींचें वर्णन, आणि पुरवावयाच्या माहितीची यादी. २०२३ सालीं ओपनएआय कंपनीनें आपल्या मॉडेलांसाठीं ही सोय खुली केली; नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें साधनें जोडण्याचा एक सामाईक नियम प्रसिद्ध केला. दोहोंतहि रीत हीच. जें लिहिलेलें नाहीं, तें एजंट अंदाजानें भरून काढतो. आणि तो अंदाज इतका सफाईदार असतो कीं, चूक पुष्कळदां उशिरां कळते.

समजा, एका साधनाचें वर्णन असें आहे: ‘तिकीट काढतें. स्थानक व तारीख द्यावी.’ लिहिणारास हें पुरेसें वाटेल. पण दादरला मध्य व पश्चिम अशा दोन रेल्वेंचीं स्थानकें असून त्यांचे संकेत निराळे आहेत. एजंटानें कोणतें समजावें? ‘५-६’ ही तारीख आपल्याकडे पांच जून, तर अमेरिकेंत सहा मे. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. हें न सांगितल्यास एजंट न मिळणारी तारीख पुन्हां पुन्हां मागत बसेल.

आतां दुसरें वर्णन ऐकावें: ‘आरक्षित तिकीट काढतें व खात्यांतून पैसे वळते करतें. नुसत्या गाड्या पाहावयाच्या असल्यास हें वापरूं नये. “गाडी शोध” हें साधन वापरावें. स्थानकाचें नांव न देतां रेल्वेचा संकेत द्यावा. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमानें द्यावी, उदाहरणार्थ २०२६-०६-०५. साठ दिवसांपलीकडील तारीख चालत नाहीं.’

यांत एकहि अलंकारिक शब्द नाहीं. पण काय घडेल, केव्हां वापरूं नये, माहिती कोणत्या स्वरूपांत द्यावी आणि मर्यादा कोणती, हें सर्व आलें. यांपैकीं ‘केव्हां वापरूं नये’ हेंच बहुधा राहून जातें. दोन साधनें सारखीं दिसूं लागलीं कीं, घोटाळा तेथेंच होतो. औषधाच्या बाटलीवर ‘पोटांत घेऊं नये’ असें लिहितात, तें याच कारणानें.

तरीहि शब्दांनीं सर्व कांहीं साधत नाहीं. अँथ्रॉपिकनेंच डिसेंबर २०२४ मध्यें एक अनुभव नमूद केला आहे. प्रोग्राम दुरुस्त करणारा त्यांचा एजंट फाइलींचे पत्ते चुकवीत असे. पत्ता ‘शेजारच्या घरीं’ अशा थाटाचा, म्हणजे आपण उभे असूं त्या जागेवरून मोजलेला असे; एजंट दुसऱ्या ठिकाणीं गेला कीं तो पत्ता खोटा ठरे. त्यांनीं साधनच असें बदललें कीं, तें संपूर्ण पत्त्याविना चालेना; आणि त्या चुका थांबल्या. चूक करूं नकोस असें बजावण्यापेक्षां चुकीस वाव न ठेवणें केव्हांहि श्रेयस्कर.

तिकीट रद्द करणें, पैसे पाठविणें, कागद नष्ट करणें अशा कामीं तर हा विवेक अत्यावश्यक आहे. ‘प्रथम मालकास विचारावें’ असें वर्णनांत जरूर लिहावें. पण ती सूचना म्हणजे कुलूप नव्हे. मालकाच्या होकाराविना पुढें न जाण्याची व्यवस्था साधनांतच असली पाहिजे.

वर्णन पुरेसें झालें कीं नाहीं, हें पारखण्याचा उपाय सोपा आहे. साधन कधींहि न पाहिलेल्या शहाण्या माणसाच्या हातीं तेवढाच कागद द्यावा, आणि तो कोणते प्रश्न विचारतो तें ऐकावें. त्याचा प्रत्येक प्रश्न म्हणजे आपण लिहावयाचें राहिलेलें एक वाक्य होय. माणूस निदान विचारतो तरी. एजंट पुष्कळदां न विचारतांच पुढें जातो.