पुलाला कचेरी असलेलं गाव

अव्हिन्याँचा पूल जगाला ठाऊक आहे. त्याच्यावर लहान मुलांचं गाणं आहे, त्याची चित्रं असलेली पोस्टकार्डं आहेत, तिकीट काढून तो पाहायला येणारे पर्यटक आहेत. नाही तो फक्त पूल. मूळच्या बावीसपैकी चार कमानी उरल्या आहेत आणि त्या ऱ्होन नदीच्या पात्रातच संपतात. तिथून नदीच्या वरच्या अंगाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर पाँ-सँतेस्प्री नावाचं दहाएक हजार वस्तीचं गाव आहे. तिथला पूल 1265 साली बांधायला घेतला आणि 1309 साली पुरा झाला. आज त्याच्यावरून मोटारी धावतात, सकाळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी असते, मालट्रक आला की समोरचा जरा अंग चोरतो. या पुलावर गाणं कुणी रचलं नाही.

नदी एकच आणि पूरही तेच. तरी एक पूल उभा राहिला आणि दुसरा वाहून गेला. दगड आणि कारागिरी यांत याचं थोडंफार कारण असेलही, पण मला खरं कारण हिशेबाच्या वह्यांत दिसतं. पाँ-सँतेस्प्रीच्या पुलाला पहिल्यापासून स्वतःची कचेरी होती आणि पुढे त्या कचेरीला बारमाही उत्पन्नही मिळालं.

पूल होण्याआधी या गावाचं नाव सँ-सातुर्नँ-द्यु-पोर असं होतं. नदीकाठचा धक्का, पैलतीरावर नेणाऱ्या नावा आणि क्लूनी पंथाच्या साधूंचा मठ, एवढाच पसारा. पण नाव पैलतीरी जाईलच अशी खात्री देता येत नसे. ऱ्होन आल्प्सचं बर्फाचं पाणी घेऊन उतरते आणि तिची धार जबर असते. त्यातच गावाच्या जरा वरच्या बाजूला आर्देश नदी तिला येऊन मिळते. आर्देशचा स्वभाव आणखी वेगळा. उन्हाळाभर तिच्यात गुडघाभर पाणी असतं. शरदात सेव्हेनच्या डोंगरांवर ढग कोसळले की काही तासांत तीच नदी कित्येक मीटर चढते आणि झाडं, ओंडके, गाळ असं सगळं घेऊन खाली येते. 1890 च्या सप्टेंबरातला तिचा पूर त्या खोऱ्यात अजून विसरलेले नाहीत. हे सगळं जिथे ऱ्होनमध्ये ओतलं जातं त्याच्या खालीच पूल घालायचा, म्हणजे धाडसच होतं.

मठाचा प्रमुख झाँ द तियांझ सुरुवातीला या पुलाच्या विरोधात होता. त्याचं कारण समजण्याजोगं आहे. घाट, उतारू आणि त्यांतून येणारा पैसा हे सगळं मठाच्या हक्काचं. गावकऱ्यांनी पूल बांधला की तो कुणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न येणारच. शेवटी तो वळला आणि 12 सप्टेंबर 1265 रोजी पहिला दगड त्याच्याच हातून बसवला गेला. लोककथेला मात्र या वाटाघाटींशी देणंघेणं नाही. ती सांगते की कामावर रोज तेरा मजूर दिसायचे आणि संध्याकाळी मजुरी घ्यायला बाराच यायचे. तेरावा म्हणजे साक्षात पवित्र आत्मा, सँतेस्प्री. पुलाला त्याचं नाव पडलं आणि पुलाचं नाव पुढे गावाला. गावचे लोक आजही स्वतःला ‘स्पिरिपोंतँ’ म्हणवतात.

मजुरी न घेणारा मजूर सोडला तर बाकी सगळ्यांना पैसे द्यावे लागत होते, तेही 44 वर्षं. त्यासाठी गावकऱ्यांची एक संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या देवस्थानच्या पंच समितीसारखा तिचा कारभार होता. पंच निवडले जात, वर्गणी गोळा करायला माणसं लांबलांबच्या मुलखात जात, दान आलं की त्याची नोंद होई. पुलाच्या तोंडाशीच संस्थेचं देऊळ आणि इस्पितळ होतं. वाटसरू, आजारी माणसं, टाकलेली पोरं यांची तिथे सोय व्हायची. दान मागायला गेल्यावर दाखवायला पूल आणि इस्पितळ दोन्ही असल्यामुळे देणाऱ्याचा हात सैल सुटत असणार.

पण नुसत्या दानावर पूल बांधून होतो, टिकत नाही. बांधताना उत्साह असतो. सत्तर वर्षांनी खांबाच्या पायथ्याचे दगड सुटायला लागले की वर्गणीला कुणी दार उघडत नाही. इथे राजाची एक सवलत कामी आली. एग-मोर्तजवळच्या मिठागरांतलं मीठ नावांतून ऱ्होनवरून वर जायचं. घोड्यांच्या रांगा काठावरून दोर ओढत आणि नावांचा तांडा प्रवाहाविरुद्ध सरके. या मिठावर एक छोटी जकात बसवून तिचं उत्पन्न पूल, देऊळ आणि इस्पितळ यांच्या नावे लावून दिलं. फ्रान्समध्ये मीठ सगळ्यांना लागे आणि त्यावरचा कर कुणालाच आवडत नसे. त्या नावडत्या करातली एक चिमूट शतकानुशतकं या पुलाच्या चुन्यात मिसळत राहिली.

अव्हिन्याँकडे नेमकं हेच नव्हतं. तिथला पूल एका टोकाला पोपच्या शहरात आणि दुसऱ्या टोकाला फ्रान्सच्या राजाच्या हद्दीत. पुरात कमानी गेल्या की डागडुजीचा खर्च कुणी करायचा यावर घासाघीस सुरू व्हायची. सतराव्या शतकात सगळ्यांनीच त्या पुलाचा नाद सोडला.

हद्दीचा हा घोळ पूर्ण ऱ्होनकाठी होता. नदीचा उजवा काठ फ्रान्सच्या राज्याचा, डावा पवित्र रोमन साम्राज्याचा, अशी जुनी वाटणी. राजकारणातून ती वाटणी संपली तरी नावाड्यांच्या तोंडी ती एकोणिसाव्या शतकापर्यंत राहिली. नाव कुठल्या काठाला घ्यायची हे सांगताना ते ‘राज्य!’ किंवा ‘साम्राज्य!’ असं ओरडत. पाँ-सँतेस्प्री राज्याच्या काठावर, आणि समोर पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की बोलेन हे पोपच्या मुलखातलं गाव. पूल पुरा झाला त्याच 1309 साली पोप पाचवा क्लेमेंट अव्हिन्याँत राहायला आला, हा योगायोग गावाच्या पथ्यावर पडला असणार. पोपच्या दरबाराकडे निघालेल्या माणसांना आणि मालाला नदी ओलांडायला आता पक्की वाट होती. शिवाय फ्रान्सचे राजे नदीचं पात्र पैलतीरापर्यंत आपलंच, असा दावा सांगत. दावा न्याय्य होता की नाही हे वकिलांनी पाहावं. पुलाला त्याने एक धनी मिळाला, एवढं खरं.

आता पुलाकडे जरा जवळून. लांबी सुमारे 900 मीटर, कमानी पंचवीसच्या आसपास. धक्क्यावर उभं राहून पाहिलं की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की पूल सरळ नाही. मध्येच त्याला बाक आहे आणि बाकाचं टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेला आहे, पाण्याला छाती दिल्यासारखं. प्रत्येक खांबाला वरच्या अंगाला त्रिकोणी नाक काढलेलं आहे. ओंडका आला की तो त्यावर आपटून बाजूला सरकतो. नाकाच्या वर, दोन मोठ्या कमानींच्या मध्ये, खांबातच एक छोटी कमानदार खिडकी आरपार ठेवली आहे. एरवी ती शोभेची वाटते. पण पाणी कमानीच्या खांद्यापर्यंत चढलं की त्या खिडकीतून निघून जातं आणि तेवढा भार हलका होतो. तेराव्या शतकातल्या गवंड्याला दाबाची सूत्रं मांडता येत नव्हती, तरी भिंत अडवते आणि भोक सोडवतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

धार्मिक युद्धांनंतर पुलाच्या तोंडाशी किल्ला उभारला गेला. पूल ज्याच्या हाती त्याच्या हाती खोऱ्याची वाट, हे सेनापतींना कळायला वेळ लागला नव्हता. गंमत म्हणजे किल्ल्याच्या तटांनी जुनं इस्पितळ आणि देऊळ आपल्या पोटातच घेतलं. पंधराव्या शतकातला देवळाचा कोरीव दरवाजा तेवढा अजून तिथे आहे.

एकोणिसाव्या शतकात नदीवर वाफेच्या बोटी आल्या आणि पुलाच्या अरुंद कमानी एकाएकी अडचण ठरल्या. नावाडी तर त्यांना आधीपासून भिऊन असत. खालच्या दिशेने वेगात येणारी नाव नेमकी कमानीखाली घालायची आणि हात चुकला तर खांबावर फुटायचं. प्रोव्हाँसाल भाषेचा कवी फ्रेदेरिक मिस्त्रालने 1897 मध्ये ऱ्होनवर जे दीर्घकाव्य लिहिलं, त्यात जुन्या नावांच्या तांड्याचा शेवट याच पुलापाशी होतो, तोही एका आगबोटीमुळे. सरकारने त्याआधीच, 1856 साली, दोन दगडी कमानी पाडून त्या जागी बिडाची एक रुंद कमान बसवली होती. ऑगस्ट 1944 मध्ये दोस्तांच्या विमानांनी पुलावर आणि किल्ल्यावर बाँब टाकले, त्यात ती कमान गेली. युद्धानंतर त्या जागी सिमेंट काँक्रीटची कमान आली.

आणि मग 1952 साली नदीच बाजूला निघून गेली. दोंझेर ते मोंद्रागाँ असा अठ्ठावीसेक किलोमीटरचा कालवा खणून ऱ्होनचं बहुतेक पाणी त्यात वळवलं गेलं. बोलेनजवळ त्या पाण्यावर वीज तयार होते आणि वीस मीटरांहून उंच जलपाशातून मालवाहू बोटी चढतात-उतरतात. पाँ-सँतेस्प्रीखालून वाहते ती जुनी ऱ्होन, मोजून सोडलेल्या पाण्याची. पूर आला की मात्र कालव्यात न मावणारं पाणी हक्काने जुन्याच पात्रात येतं आणि खिडक्या पुन्हा कामाला लागतात. बोटींसाठी दोन कमानी पाडल्या, आणि शंभर वर्षांच्या आत बोटींनीच वाट बदलली. नियोजनावर व्याख्यानं देणाऱ्यांनी एकदा या काँक्रीटच्या कमानीखाली उभं राहावं.

त्याच्या आदल्या वर्षी गावाचं नाव भलत्याच कारणाने जगभर गेलं होतं. ऑगस्ट 1951 मध्ये एका बेकरीचा पाव खाऊन अडीचशेहून जास्त माणसं आजारी पडली. उलट्या, झोप उडणं, भयंकर भास. कित्येकांना वेड्यांच्या इस्पितळात हलवावं लागलं आणि पाच ते सात जण दगावले. धान्यावरची विषारी बुरशी, बियाण्याला चोळलेलं पाऱ्याचं औषध, पीठ पांढरं करायचं रसायन, असे तर्क झाले. पुढे अमेरिकी गुप्तहेरांचीही कथा आली आणि ती अर्थातच सर्वांत जास्त खपली. स्टीव्हन कॅप्लन या इतिहासकाराने या प्रकरणावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो या हेरकथेवर विश्वास ठेवत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहते. तेव्हा गहू आणि पिठाची वाटणी सरकारी यंत्रणेच्या हातात होती. हे गाव ज्या गार जिल्ह्यात आहे तिथे पीठ कमी पडे, म्हणून ते दूरच्या जिल्ह्यातून नेमून दिलं जाई. बेकरीवाल्याने कुणाचं पीठ घ्यायचं हे तो ठरवत नसे. आलेलं पीठ करडं, चिकट दिसलं तरी भट्टी पेटवायची. पुलाचे पंच गावातलेच होते, चूक झाली तर त्यांना गाठता यायचं. पिठाची कचेरी कुठे होती हे पाव खाणाऱ्याला कुठून कळणार?

आजचा कारभार पाहू. फ्रान्समध्ये सुमारे पस्तीस हजार कम्यून आहेत, प्रत्येकाला निवडून आलेली परिषद आणि तिने निवडलेला मेअर. मेअर एकाच वेळी गावाचाही माणूस आणि सरकारचाही. जन्म-मृत्यूची नोंद, लग्न लावणं, मतदारयादी ही कामं तो सरकारच्या वतीने करतो. वर जिल्हा, त्याच्या वर विभाग. पाँ-सँतेस्प्री गार जिल्ह्यात, आणि जिल्ह्याचं ठाणं नीम. 2016 साली विभागांची फेरजुळणी झाली तेव्हा गार ओक्सितानी विभागात गेला. त्याची राजधानी तुलूझ, इथून तीनशे किलोमीटरांहून लांब. पूल ओलांडला की व्होक्लूझ जिल्हा लागतो, त्याची विभागीय राजधानी मार्सेय. उत्तरेला आर्देश नदी ओलांडली की तिसरा विभाग, राजधानी लियाँ. म्हणजे सायकलवर अर्ध्या तासात माणूस तीन राजधान्यांच्या अखत्यारीतून फिरून येतो. राज्य आणि साम्राज्य गेलं, पण कागदावरची रेघ जागची हलली नाही.

रस्त्यांचंही तसंच झालं. उजव्या काठाने लियाँहून नीमकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग 86 गावातून जात असे. डाव्या काठाला मार्ग 7 आणि पुढे ए-7 द्रुतगती मार्ग. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे हा पूल. 2006 च्या सुमारास सरकारने हजारो किलोमीटर राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांच्या गळ्यात घातले आणि 86 ची पाटी इथे डी-6086 झाली. रस्ता तोच, खड्डा तोच, फक्त तक्रार नीमला करायची.

रेल्वेची कथा जरा बरी निघाली. उजव्या काठाच्या लोहमार्गावरच्या प्रवासी गाड्या 1973 च्या ऑगस्टात बंद झाल्या. रूळ राहिले, मालगाड्या धावत राहिल्या, फलाटावर कुणी उतरेना. जवळजवळ पन्नास वर्षांनी, ऑगस्ट 2022 मध्ये, ओक्सितानी विभागाने तिथे पुन्हा प्रवासी गाडी सुरू केली. नीमहून निघून ती अव्हिन्याँला पैलतीरी जाते, तिथून परत उजव्या काठाला येते आणि पाँ-सँतेस्प्रीला थांबते. रूळ पुढे उत्तरेला आर्देश जिल्ह्यात तसेच गेले आहेत, पण तो जिल्हा दुसऱ्या विभागाचा. त्यामुळे ज्याला पुढे जायचं असेल त्याने इथे उतरावं आणि आपली सोय बघावी.